लग्नाचा वाढदिवस ज्वालामुखीच्या बेटावर: कोकणातून पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

कोकणातल्या नवरा-बायकोने लग्नाच्या वाढदिवसाला नुसता समुद्र बघायला परदेशी जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वच्छ वाळू, माडांची रांग, संध्याकाळी पाण्यात बुडणारा सूर्य हे सगळं भोगव्याला, आरेवारेला, गुहागरला एसटीच्या तिकिटात मिळतं. लाखभर रुपये आणि वर्षाची सुट्टी घालवायचीच असेल तर इथे नाही ते बघायला जा. वाफ सोडणारा डोंगर, विवरात साठलेलं तळं, कालपरवा थिजल्यासारखा दिसणारा लाव्हा हे बघा. समुद्र तिकडे आपोआप मिळतोच, तो फुकटचा समजायचा.

तसं आपलं अशा काही बेटांशी जुनं नातं आहे. रायगड-रत्नागिरीचा काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. भूगर्भशास्त्रज्ञांच्या सर्वाधिक मान्य मतानुसार तो ज्या तप्त स्रोतातून वर आला, त्याच्यावरून भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस अशी माळ उरली. तो स्रोत आज मॉरिशसजवळच्या रेयुनियन बेटाखाली आहे आणि तिथला पिटॉन द ला फूर्नेझ हा ज्वालामुखी अजून पेटतो. म्हणजे आपला सह्याद्री आणि त्यांचा डोंगर एकाच चुलीवरचे, फक्त आपली भाकरी कधीच उतरली.

आधी तारीख, आणि तीही कॅलेंडर उघडून

बहुतेक जोडपी इथेच अडतात. आपल्याकडे लग्नं होतात एप्रिल-मेमध्ये, नाहीतर तुळशीचं लग्न लागल्यावर हिवाळ्यात. म्हणजे वाढदिवस येतो तो आंब्याच्या ऐन हंगामात आणि घर चाकरमान्यांनी भरलेलं असताना, किंवा डिसेंबरात. मी पुढे सुचवणार आहे ती दोन बेटं म्हणजे बाली आणि मॉरिशस, आणि डिसेंबरात बालीत पाऊस, मॉरिशसला उकाडा, दोन्हीकडे नाताळचे चढे दर.

तेव्हा तारखेचा हट्ट सोडा. वाढदिवसाच्या दिवशी घरी ग्रामदेवतेला नारळ ठेवा, गोडाचं जेवण करा आणि प्रवास पुढे ढकला. इथे कोकणाला एक सोय निसर्गानेच करून ठेवली आहे: आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तिकडे उघडीप असते. बालीचा कोरडा काळ एप्रिल ते ऑक्टोबर. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, त्यामुळे जून ते सप्टेंबर तिथला हिवाळा, सौम्य आणि बराचसा कोरडा.

आता हे आपापल्या धंद्याशी जुळवा. बागायतदार असाल तर शेवटची पेटी गेल्यावर, हिशेब हातात आल्यावर, जूनमध्ये निघा. मासेमारीत असाल तर १ जून ते ३१ जुलै बंदीचा काळ आहे, होड्या वर ओढलेल्या असतात. यापेक्षा चांगली सुट्टी सरकार देणार नाही. भातशेती असेल तर लावणी उरकल्यावर आणि गणपतीच्या आधी जी फट मिळते ती पकडा. शिक्षक आणि नोकरदारांना मे किंवा दिवाळीची सुट्टी. मेमध्ये दोन्ही बेटं चांगली असतात, पण आंब्याचं घर असेल तर मेचं नावही काढू नका.

गणपतीची तारीख मात्र पहिली बघायची. आगमनाच्या आदल्या दिवशी परत यायचं तिकीट काढणाऱ्याला विमान उशिरा सुटलं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल. मध्ये किमान चार दिवस ठेवा.

काही काळ टाळायचेच. जानेवारी ते मार्च मॉरिशसला चक्रीवादळांचा जोर असतो. बालीत मार्चच्या सुमारास न्येपी असतो, त्यांच्या शके वर्षाचा पहिला दिवस. त्या दिवशी सगळं बेट गप्प: रस्ते बंद, विमानतळ चोवीस तास बंद, पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. दोघांना निवांतपणा हवा असेल तर तो दिवस सुंदर आहे, पण त्या दिवशीचं विमान शोधू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये बालीला सगळ्या जगाची गर्दी होते. जून आणि सप्टेंबर त्याहून बरे. मॉरिशसला जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर वारा बोचरा असतो, म्हणून त्या दिवसांत मुक्काम पश्चिमेला, फ्लिक आं फ्लाकच्या बाजूला करा.

मग बेट

पहिल्या परदेश प्रवासासाठी मी दोनच नावं पुढे करेन: बाली आणि मॉरिशस. कुठलं, ते तुमच्या गुडघ्यांवर आणि स्वभावावर ठरवा.

बालीत ज्वालामुखी जिवंत आहेत. बातूर १७१७ मीटरचा, एका मोठ्या जुन्या विवराच्या पोटात उभा, शेजारी तळं. त्याच्या पलीकडे आगुंग, तीन हजार मीटरहून उंच, बालीतला सर्वात पवित्र डोंगर. बेसाकी हे मुख्य मंदिर त्याच्याच उतारावर. १९६३ साली आगुंगच्या उद्रेकात हजारावर माणसं गेली आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याच्या राखेमुळे विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला. तेव्हा इथे जायचं ते डोळे उघडे ठेवून.

मॉरिशसचे ज्वालामुखी विझलेले. तिथे धूर दिसणार नाही, पण विझलेल्या डोंगराचं पुढे काय होतं ते दिसतं. क्युरपिप गावात त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे, आत झाडी वाढलेली, कडेने गाडीरस्ता. गंगा तलाव हेही विवरातलंच तळं, महाशिवरात्रीला लोक तिथे पायी कावड घेऊन येतात. आणि शामारेलची सात रंगांची माती तर कोकणी माणसाने बघावीच. बसाल्टची झीज होऊन सिलिका धुऊन गेली आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून ते लाल, तपकिरी, जांभळे रंग आले. आपला जांभा साधारण असाच तयार झाला. आपण त्याचे चिरे काढून घरं बांधली, त्यांनी कुंपण घालून तिकीट लावलं.

मॉरिशसच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात मळ्यांवर करारावर गेलेल्या मजुरांमध्ये रत्नागिरी आणि आसपासची माणसंही होती. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज तिथे आजही आहे, शाळांतून मराठी शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. रोजची बोली मात्र क्रिओल, त्यामुळे रस्त्यात कुणी मालवणीत हाक मारेल अशी आशा धरू नका. राजधानी पोर्ट लुईसला आप्रवासी घाट आहे, जिथे ही माणसं बोटीतून उतरली. २००६ पासून तो जागतिक वारशात आहे. वाढदिवसाच्या सहलीत एक सकाळ तिथे जरूर घालवा.

पेटता डोंगर बघण्याची हौस मोठी असेल तर मॉरिशसला जोडून रेयुनियन करता येतं. विमानाने पाऊण तासाचा पल्ला. पण ते फ्रान्सचा भाग असूनही युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या शेंगेन क्षेत्रात नाही, व्हिसाचं प्रकरण वेगळं सांभाळावं लागतं. पहिल्या खेपेला नको. हवाईचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, तिथला किलाउएया ज्वालामुखी बघण्यासारखा आहे यात वाद नाही, पण अमेरिकेचा व्हिसा आणि इतका लांबचा प्रवास एका आठवड्याच्या सहलीत बसत नाही.

पासपोर्टच नसेल तर? अंदमान. तिथलं बॅरन बेट हा भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी. त्यावर उतरायला परवानगी नाही, बोटीतून लांबूनच बघायचा, आणि तशी सफर प्रत्येक हंगामात असतेच असं नाही. म्हणून अंदमानला अंदमानसाठी जा, बॅरन दिसलं तर नफा.

कागद

पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. नवीन काढायचा असेल तर तीन-चार महिने आधी सुरुवात करा. पोलीस पडताळणीसाठी घरी कुणीतरी असायला लागतं आणि नेमकं तेव्हाच तुम्ही मुंबईला भावाकडे गेलेले असता.

नावाचा घोळ बायकांच्या बाबतीत जास्त. माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं आधारवर, बँकेत तिसरंच. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. विमानाचं तिकीट आणि व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने, त्यातल्या स्पेलिंगसकट, मधल्या नावासकट काढा. एजंट घाईत नुसतं नाव-आडनाव टाकतात, तिथे टोका.

बालीसाठी पोचल्यावर मिळणारा व्हिसा आहे, तोच ऑनलाइन आधीही काढता येतो: पाच लाख रुपिया, ३० दिवस. शिवाय बेटाचा पर्यटक कर दीड लाख रुपिया. आकडे ऐकून दचकू नका, एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये. मॉरिशसला भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग आणि खर्चापुरते पैसे दाखवता आले पाहिजेत. दोन्हीकडे पोचण्याआधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तो सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. तोच फॉर्म पैसे घेऊन भरून देणारी सरकारीसारखी दिसणारी पानं शोधात वर येतात, त्यांना बळी पडू नका.

आणि विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. मॉरिशसची बरीच रिसॉर्ट वाढदिवसाची सवलत देतात, एखादं जेवण, कधी खोलीच्या दरात सूट, पण दाखल्याची प्रत मागतात. ग्रामपंचायतीत नोंद झाली नसेल तर या निमित्ताने करून टाका, पुढेही दहा ठिकाणी लागते.

पैसे आणि बुकिंग

बालीत विमान महाग आणि राहणं-खाणं स्वस्त, मॉरिशसला उतरल्यावर पाकीट हलकं होत जातं. म्हणून मॉरिशसला नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून खोली घ्यावी, त्याला हाफ बोर्ड म्हणतात. रोज बाहेर जेवायचं ठरवलंत तर टॅक्सीचाच खर्च जेवणाएवढा होईल.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ घेतला जाणारा आयकर, लागतो. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना करात वळता होतो किंवा परत मिळतो. बिलावर पॅन नंबर आणि नाव बरोबर आहे ना एवढं बघा, आणि पॅकेजच्या किमती तुलनेला घेताना टीसीएससकट आहेत की सोडून, ते विचारा.

विमा घेताना दोन प्रश्न विचारायचे: डोंगर चढताना दुखापत झाली तर धरणार का, आणि राखेमुळे विमान रद्द झालं तर मुक्कामाचा खर्च देणार का. २०२५ च्या जून-जुलैमध्ये बालीतला एकही डोंगर पेटला नव्हता, तरी शेजारच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबीच्या राखेने बालीची विमानं रद्द झाली होती. बालीत स्कूटर चालवणार असाल तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या, त्यात दुचाकीची नोंद असू दे. परवान्याशिवाय पडलात तर विमा कंपनी हात वर करते.

घरातून विमानापर्यंत

हा टप्पा सहलीच्या माहितीत कुणी लिहीत नाही, आणि कोकणात खरी परीक्षा हीच. जून ते ऑक्टोबर कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर चालते, गाड्या सावकाश असतात, दरड आली तर थांबतात. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी काही बोलत नाही, तुम्हीही त्याच्या भरवशावर विमान पकडू नका. आदल्या दिवशी मुंबईत पोचा, रात्री नातेवाइकाकडे झोपा. पनवेलजवळचं नवी मुंबई विमानतळही आता सुरू झालं आहे, तेव्हा तिकिटावर कुठलं विमानतळ लिहिलंय ते नीट वाचा.

सिंधुदुर्गवाल्यांना गोव्याचं मोपा विमानतळ जवळ. तिथून मुंबई किंवा बेंगळुरूला जाऊन पुढचं विमान घ्यायचं असेल तर दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगमध्ये काढा. वेगवेगळी काढलीत आणि पहिलं विमान पावसाने उशिरा आलं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबणार नाही आणि पैसेही देणार नाही.

घरात देवाची पूजा कोण करणार, गुरांना वैरण कोण घालणार, पंप बंद पडला तर कुणाला फोन, हे निघायच्या आठवडाभर आधी ठरलेलं असू दे. नाहीतर बातूरच्या टोकावर तुमचा फोन वाजेल.

बेटावरचे दिवस

सात दिवस धरू. डोंगर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा, शेवटच्या दिवशी कधीही नको. ढग आले तर पुन्हा प्रयत्नाला एक सकाळ हाताशी राहते.

बालीत पहिले तीन-चार दिवस उबुद गावात राहा. बातूरच्या सूर्योदयासाठी तिथून रात्री दोनच्या सुमारास गाडी न्यायला येते. चढण साधारण दोन तासांची, अंधारात, बॅटरीच्या उजेडात, स्थानिक वाटाड्याबरोबरच. वाट सुरुवातीला मातीची, वर गेल्यावर सुटा, कुरकुरीत लाव्हा. चढताना दम लागतो, पण पाय घसरतात ते उतरताना. चपला, सँडल चालणार नाहीत. वर चांगलीच थंडी असते आणि कोकणात आपल्याकडे स्वेटर म्हणून जे असतं ते पुरत नाही, वारा अडवणारं जाकीट न्या. टोकाजवळ खडकाच्या भेगांतून वाफ येते, वाटाडे त्या वाफेवर अंडी उकडून देतात.

दमा, हृदयाचा त्रास, गुडघेदुखी असेल किंवा दिवस गेले असतील तर चढू नका. किंतामणीच्या बाजूने जीपने जाऊन तोच सूर्योदय बघता येतो आणि परतताना काळ्या लाव्ह्याच्या पठारावरून फिरवतात. नवरा चढला आणि बायको जीपमध्ये बसली, हेही करू नका. वाढदिवस दोघांचा आहे, जे दोघांना झेपेल तेच.

निघण्याआधी इंडोनेशियाच्या ज्वालामुखी खात्याचा इशारा बघा. चार पातळ्या आहेत, पहिली साधी, चौथी सर्वात धोक्याची. दुसरी असेल तर विवराजवळचा काही भाग बंद असू शकतो, वाटाड्याला विचारा. तिसरी किंवा चौथी असेल तर तो डोंगर सोडा. स्वस्तात वर नेतो म्हणणारा कुणीतरी भेटेलच, त्याच्या नादी लागू नका.

उरलेले दिवस किनाऱ्यावर घालवायचे तर गर्दीच्या दक्षिणेपेक्षा मला आमेद आवडतं. आगुंगच्या पायथ्याशी काळ्या वाळूचा, गोट्यांचा किनारा. तिथल्या कोळ्यांच्या होड्यांना दोन्ही बाजूंना उलांडी, म्हणजे तोल सांभाळणारं लाकूड, असते, आपल्या होडीला एकाच बाजूला. पहाटे त्या परततात तेव्हा उभं राहून बघा, कुठल्याही तिकिटाशिवाय. काळी वाळू दुपारी तव्यासारखी तापते, तेवढं सांभाळा.

मॉरिशसला पश्चिमेला मुक्काम ठेवला तर एका दिवसात शामारेल, ल मॉर्न आणि गंगा तलाव, दुसऱ्या दिवशी क्युरपिपचं विवर आणि पोर्ट लुईस होतं. बाकीचे दिवस मोकळे सोडा. बेट जेमतेम ६५ किलोमीटर लांब आहे, रोज गाडीत बसायची गरज नाही. ल मॉर्नचा डोंगर ५५६ मीटर, वरचा टप्पा अवघड आहे. अर्ध्यावरून दिसणारा खाडीचा देखावाही पुरेसा.

पाण्याबद्दल एक सांगायलाच हवं. आपण समुद्राकाठचे, त्यामुळे आपल्याला समुद्र कळतो असा आपला समज असतो. तिथला समुद्र वेगळा आहे. प्रवाळाच्या भिंतीच्या आत पाणी शांत, भिंत जिथे तुटते तिथे ओढ जबरदस्त. मॉरिशसच्या दक्षिणेला ग्री-ग्रीला ती भिंतच नाही, तिथे काठावरून बघायचं, उतरायचं नाही. प्रवाळावर पाय ठेवू नका, आणि शंख, प्रवाळ, लाव्ह्याचे दगड बॅगेत भरू नका. विमानतळावर अडवतात.

खाणं आणि वाढदिवसाचा दिवस

आंबे, नारळ, रोपं, बिया यातलं काही नेऊ नका, मॉरिशसच्या नातलगांसाठी हापूसची पेटी तर मुळीच नाही. बंद पाकिटातला कोरडा खाऊ चालतो, फॉर्मवर नोंदवा. मॉरिशसला रस्त्यावर दालपुरी मिळते, शाकाहारी माणसाचं त्यावर निभतं. बालीत भाजीतही तेरासी म्हणजे कोळंबीचा वाटलेला मसाला असतो, शाकाहारी असाल तर प्रत्येक ठिकाणी त्याचं नाव घेऊन विचारा. मासे खाणाऱ्यांना बालीतच जिंबारानच्या किनाऱ्यावर निखाऱ्यावर भाजलेला मासा मिळेल. त्याला कोकम नाही म्हणून नाक मुरडू नका.

वाढदिवस साजरा करायचा दिवस डोंगराच्या दुसऱ्या दिवशी धरा. पाय दुखत असतात, भूक सपाटून लागते आणि बोलायला विषय असतो. हॉटेलला आधी ईमेल करून कळवा, बिछान्यावर फुलं टाकतात, केक देतात. केक अंड्याशिवाय हवा असेल तर तेही तेव्हाच लिहा. सोन्याची साखळी, मंगळसूत्र घालून पाण्यात उतरू नका.

परतीचं विमान मुंबईत मध्यरात्री उतरत असेल तर पहाटेच्या गाडीचं आरक्षण करू नका. संध्याकाळची किंवा रात्रीची गाडी घ्या, गणपतीच्या आधीचे दिवस असतील तर ते तिकीट जाण्याच्या तिकिटाआधी काढा. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि त्या दिवसांत काही मिनिटांत संपतं.